थायरॉक्सिनचे वाहक आणि बाळाचा मेंदू

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल की हा विषय डॉक्टर लोकांचा, आपलं तिथे काय काम? पण प्रश्न तसा साधा आहे. गळ्याशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीतून एक रसायन रक्तात येतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही. तरीही ते पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत वेळेवर आणि मापात पोचावं लागतं. नाही पोचलं तर त्या मुलाचं जन्मभराचं नुकसान होतं, आणि ते पुढे औषधाने भरून निघत नाही. मग ते पोचतं कसं? त्याला कोण धरतं, कोण नेतं, पेशीचं दार कोण उघडतं? हे शोधायला सत्तरेक वर्षं लागली. वाटेत प्रयोगशाळेतल्या उंदरांनी तीन-चार वेळा शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. आज आपण हाच इतिहास बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी

गलगंड आणि मंदबुद्धी यांचा काहीतरी संबंध आहे, हे युरोपात आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांतल्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तसं लिहूनही ठेवलंय. १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. लगेच १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरने गलगंडावर आयोडीन देऊन पाहिलं. १८८३ मध्ये बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी एक अप्रिय गोष्ट प्रामाणिकपणे जाहीर केली : ज्यांची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली, ते रुग्ण काही काळाने सुजतात, मंदावतात, आणि त्यातली लहान मुलं खुंटतात. म्हणजे ही ग्रंथी शोभेची नाही. पुढे १८९१ मध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत त्या ग्रंथीतला मुख्य पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्याला आपण थायरॉक्सिन म्हणतो. त्याची रचना चार्ल्स हॅरिंग्टन यांनी लंडनमध्ये १९२६ मध्ये उलगडली, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्गर यांच्याबरोबर ते कृत्रिमरीत्या तयारही केलं.

थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५२ : कागदाच्या पट्टीवरचा डाग

१९५२ हे वर्ष आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचं. लंडनच्या मिल हिल भागात नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था होती. तिथे रोझलिंड पिट-रिव्हर्स आणि कॅनडाहून आलेले जॅक ग्रॉस यांना रक्तात आयोडीनचे तीनच अणू असलेला एक भाऊबंद सापडला. तो टी-३. पॅरिसमध्ये रोश आणि त्यांचे सहकारीही त्याच सुमारास तिथेच पोचले होते. टी-३ हा टी-४ पेक्षा जास्त प्रभावी निघाला. पेशीत खरं काम करणारा टी-३, आणि टी-४ हा त्याचा कच्चा माल, हे चित्र पुढे पक्कं झालं.

त्याच वर्षी त्याच गटाने आणखी एक प्रश्न विचारला. हे हार्मोन रक्तात एकटं फिरतं की कुणाच्या खांद्यावर बसून? त्या काळात दोन नवी साधनं हाताशी आली होती : किरणोत्सारी आयोडीन, आणि कागदावरचं इलेक्ट्रोफोरेसिस. रक्तातला द्रव कागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रथिनं आपापल्या वेगाने पळतात, त्यांचे पट्टे पडतात. मग किरणोत्सर्ग कुठल्या पट्ट्यावर आहे ते बघायचं. तो अल्फा-१ आणि अल्फा-२ ग्लोब्युलिनच्या मधोमध सापडला. तिथे एक प्रथिन हार्मोनला घट्ट धरून बसलं होतं. पुढे त्याचं नाव पडलं थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिन, थोडक्यात टीबीजी.

दुसरं प्रथिन आधीच सापडलेलं होतं, पण त्याचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एल्विन कबाट आणि सहकाऱ्यांनी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासलं. विजेच्या शर्यतीत अल्ब्युमिनच्याही पुढे पळणारं एक प्रथिन त्यांना दिसलं. अल्ब्युमिनच्या पुढे, म्हणून प्रीअल्ब्युमिन. मेंदूच्या पाण्यात ते इतकं ठळक का दिसतं, याचा विचार व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती. १९५८ मध्ये बोस्टनचे सिडनी इंगबार यांनी दाखवलं की प्रीअल्ब्युमिनही थायरॉक्सिनला धरतं. १९६८ मध्ये डेविट गुडमन यांच्या गटाला कळलं की जीवनसत्त्व ‘अ’ वाहून नेणारं प्रथिनसुद्धा याच प्रीअल्ब्युमिनला चिकटून रक्तात फिरतं. एकाच गाडीत दोन प्रवासी. म्हणून १९८१ मध्ये त्याचं नाव बदललं : ट्रान्सथायरेटिन. ट्रान्सपोर्ट, थायरॉक्सिन, रेटिनॉल, तिन्ही त्या नावात आहेत. ऑक्सफर्डच्या कॉलिन ब्लेक यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली, तेव्हा चार सारख्या तुकड्यांची एक गाठ आणि तिच्या मधून आरपार जाणारा बोगदा दिसला. त्या बोगद्यात थायरॉक्सिनसाठी दोन जागा.

आता आकडे बघा. आपल्या रक्तातल्या टी-४ पैकी सुमारे ९९.९७ टक्के या प्रथिनांना चिकटलेलं असतं. सुमारे तीन-चतुर्थांश टीबीजीकडे, दहा ते पंधरा टक्के ट्रान्सथायरेटिनकडे, उरलेलं अल्ब्युमिनकडे. मोकळं किती? शंभर टक्क्यांतले ०.०२ ते ०.०३. आता तुम्ही म्हणाल, सगळा माल गोदामात आणि दुकानात काहीच नाही, हा कसला व्यवहार?

मोकळं किती, बांधलेलं किती

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या जेकब रॉबिन्स आणि एडवर्ड रॉल यांनी पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात यावर एक विचार मांडला. पेशींना कळतं ते फक्त मोकळं हार्मोन. बांधलेला साठा मोठा असो की छोटा, मोकळ्याची पातळी तीच राहिली तर शरीराचं काम नीट चालतं.

या विचाराला निसर्गानेच पुरावा दिला. काही कुटुंबांत टीबीजी हे प्रथिन जन्मतःच नसतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हे बहुतेक मुलग्यांत दिसतं. त्यांच्या रक्तातलं एकूण टी-४ खूप कमी येतं. रिपोर्ट बघून कुणीही घाबरेल. पण माणसं धडधाकट असतात, कारण मोकळं टी-४ बरोबर असतं. उलट गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे टीबीजी दोन-अडीच पटीने वाढतं, एकूण टी-४ वर चढतं, आणि तरीही त्या बाईला थायरॉइड वाढल्याचा आजार नसतो. आज तुमचे डॉक्टर ‘फ्री टी-४’ तपासायला सांगतात, त्यामागे हाच विचार आहे.

मग ही प्रथिनं कशासाठी? एक देखणा प्रयोग १९८७ साली कार्ल मेंडेल आणि सहकाऱ्यांनी केला. उंदराच्या यकृतातून त्यांनी किरणोत्सारी थायरॉक्सिन घातलेला द्रव सोडला. एकदा त्यात कुठलंच प्रथिन नव्हतं, एकदा होतं. प्रथिन नसताना वाटेवरच्या पहिल्या पेशींनीच सगळं हार्मोन ओढून घेतलं, आतल्या पेशी कोरड्या राहिल्या. प्रथिन असताना ते सगळीकडे सारखं पोचलं.

कालव्याच्या पाण्याचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना कळेल. तोंडाशी असलेले शेतकरी दारं उघडी ठेवतात आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी जातच नाही. पाणी कमी नसतं, ते वाटलं जात नाही. टीबीजी, ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिन ही प्रथिनं टेलपर्यंत पाणी जाईल याची काळजी घेतात. थायरॉक्सिन तेलकट स्वभावाचं आहे, दिसेल त्या पेशीच्या आवरणात शिरायला ते बघतं. त्याला धरून ठेवायचं, थोडं थोडं सोडायचं, हे त्यांचं काम.

मेंदूच्या आतलं कारखानं

आता मेंदूकडे येऊ. मेंदूत पोकळ्या असतात, त्यांत स्वच्छ पाणी असतं. ते पाणी तयार करणारा, द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा पेशींचा झुबका म्हणजे कोरॉइड प्लेक्सस. १९८५ च्या सुमाराला दोन ठिकाणी एकाच वेळी एक गोष्ट लक्षात आली. न्यूयॉर्कमध्ये गुडमन यांच्या गटाला, आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेरहार्ड श्रायबर यांच्या गटाला. रक्तातलं ट्रान्सथायरेटिन यकृत बनवतं हे माहीत होतं. पण कोरॉइड प्लेक्ससही ते बनवतो, वजनाच्या मानाने यकृतापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते मेंदूच्या पाण्यात सोडतो. १९४२ मध्ये कबाट यांना मेंदूच्या पाण्यात ते प्रथिन ठळक का दिसलं होतं, त्याचं उत्तर हे!

श्रायबर यांनी यावरून एक मोठी कल्पना मांडली. थायरॉक्सिन रक्तातून कोरॉइड प्लेक्ससच्या पेशीत शिरतं, तिथे नवीन बनलेलं ट्रान्सथायरेटिन त्याला पकडतं आणि मेंदूच्या पाण्यात घेऊन जातं. मेंदूत जाण्याचा हा राजमार्ग. पुरावाही जमत होता. उंदरांत आणि मेंढ्यांत जन्माआधी, मेंदूच्या पेशी झपाट्याने वाढण्याच्या सुमारास, कोरॉइड प्लेक्ससमधलं हे प्रथिन जोरात असतं. उत्क्रांतीत बघा : प्रौढ मासे आणि प्रौढ बेडूक यांच्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये ते सापडत नाही. सरड्यांपासून पुढे सापडतं, मग पक्षी, मग सस्तन प्राणी. म्हणजे ज्या शाखेत मेंदू मोठा होत गेला, त्या शाखेत हे प्रथिन मेंदूच्या दारात येऊन उभं राहिलं. आणि बेडकांत? त्यांच्या यकृतात ते सापडतं, पण फक्त भेकरीच्या अवस्थेत, जेव्हा थायरॉइडच्या हुकुमाने शेपटी गळते आणि पाय फुटतात. मेलबर्नच्या सामंथा रिचर्डसन यांनी या उत्क्रांतीच्या बाजूवर पुढे पुष्कळ काम केलं.

कल्पना सुंदर होती. मग आला पहिला उंदीर.

ज्या उंदरांना काहीच झालं नाही

१९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एपिस्कोपू आणि सहकाऱ्यांनी ट्रान्सथायरेटिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. अपेक्षा काय? मेंदू खुंटलेला असणार. प्रत्यक्षात उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. रक्तातलं एकूण थायरॉक्सिन बरंच उतरलं होतं, पण मोकळं ठीक होतं. पुढच्या काही वर्षांत जोआना पाल्हा यांनी तपासून दाखवलं की या उंदरांच्या मेंदूपर्यंत हार्मोन पोचतं, आणि ट्रान्सथायरेटिन त्यासाठी अनिवार्य नाही.

आता इथे जरा थांबू, कारण इतिहासाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा टप्पा आहे. असा निकाल आला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतात, संपलं, हे प्रथिन निरुपयोगी. दुसरे म्हणतात, प्रयोगच चुकला. दोन्हीही घाई करत होते. प्रयोगाने एवढंच सांगितलं होतं : प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात, पोटभर आयोडीन असलेलं खाणं मिळत असताना, हे एक प्रथिन नसलं तरी बाकीची प्रथिनं निभावून नेतात. हातात दुष्काळ नसेल तर गावात एक विहीर कमी आहे हे कळतही नाही. २००७ मध्ये रिचर्डसन आणि पॅरिसच्या बार्बरा डेमेनेक्स यांच्या गटाने बारकाईने पाहिलं, तेव्हा या उंदरांच्या मेंदूत नवीन पेशी जिथे तयार होतात तिथल्या पेशींच्या घडामोडींत फरक सापडलाच. छोटा, पण खरा.

दुसरं उदाहरण उंदराचंच. बराच काळ समजूत होती की उंदराला टीबीजी नसतंच. रक्त तपासलं जायचं ते प्रौढ उंदराचं. ऐंशीच्या दशकात फ्रेंच संशोधकांनी पिल्लांचं रक्त पाहिलं, तेव्हा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत टीबीजी चांगलं भरपूर असल्याचं दिसलं. मेंदू घडण्याच्या काळात ते येतं, मग ओसरतं. वाहक प्रथिनं वयानुसार बदलतात, त्यामुळे मोठ्यांवर केलेलं मोजमाप लहानांना लावायचं नाही, हा धडा.

आईकडून काय येतं

इतका वेळ आपण उंदरांत अडकलो. माणसांचं काय? बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास काम सुरू करते, आणि नीट रुळायला पुढचे बरेच आठवडे जातात. आधी वैद्यकशास्त्राची समजूत होती की वार ही भिंत आहे, आईचं थायरॉइड हार्मोन बाळाकडे जवळपास जातच नाही.

माद्रिदमध्ये गॅब्रिएला मोराले दे एस्कोबार यांनी ही समजूत हलवली. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या गर्भात, त्याची स्वतःची ग्रंथी सुरू होण्याच्या आधीच, आईचं हार्मोन सापडतं. १९८४ मध्ये बेर्नाल आणि पेकोनेन यांनी मानवी गर्भाच्या मेंदूत दहाव्या आठवड्यातच टी-३ धरणारे रिसेप्टर असल्याचं नोंदवलं. हार्मोन झेलायला हात तयार, आणि स्वतःचं हार्मोन अजून नाही. मग ते हात कुणासाठी? १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या वुल्स्मा आणि सहकाऱ्यांनी नाळेचं रक्त तपासलं. ती बाळं अशी होती, ज्यांच्या ग्रंथीला जन्मजात दोषामुळे हार्मोन बनवताच येत नव्हतं. तरीही त्यांच्या नाळेच्या रक्तात थायरॉक्सिन होतं. ते आईकडूनच आलेलं असणार, दुसरा मार्गच नाही.

याची खरी किंमत काय, ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात आधीच दिसलं होतं. फॅरो, बटफील्ड आणि हेत्झेल यांनी तिथे १९६६ पासून एका गटाला आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला साधं. १९७१ मध्ये निकाल छापला. साध्या गटात क्रेटिन म्हणजे जन्मतः खुंटलेली मुलं २६. आयोडीनच्या गटात ७, आणि त्या सातांपैकी सहा मुलांच्या आया इंजेक्शनच्या वेळी आधीच गरोदर होत्या. म्हणजे उपाय गर्भ राहण्याच्या आधी पोचला तरच पूर्ण उपयोगी.

आपल्याकडे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून मोठा प्रयोग केला, आणि त्याच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नाव बघा : गलगंड. तेव्हा डोळ्यांसमोर सुजलेला गळा होता. १९९२ मध्ये त्याच कार्यक्रमाचं नाव आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असं झालं. दरम्यान जगाला कळलं होतं की दिसणारा गळा ही लहान बाजू, न दिसणारा मेंदू ही मोठी.

पेशीच्या आत, आणि दारात

रक्तातले वाहक झाले. पेशीच्या आत कोण धरतं? १९७२ मध्ये जॅक ओपनहायमर यांनी दाखवलं की टी-३ पेशीच्या केंद्रकात विशिष्ट जागी जाऊन बसतो. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत या जागा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच सर्वाधिक भरतात, हे त्यांच्याच गटाने पुढे दाखवलं. १९८६ मध्ये दोन गटांना कळलं की ही जागा म्हणजे सी-अर्ब-ए नावाच्या जनुकाचं प्रथिन. हा खरा रिसेप्टर, जनुकांना चालू-बंद करणारा.

केंद्रकाबाहेर, पेशीच्या द्रवात, टी-३ ला धरणारी आणखी प्रथिनं सापडत होती. संशोधकांनी ती शुद्ध केली, आणि प्रत्येक वेळी जुनी ओळखीची मंडळीच निघाली. एक निघालं प्रथिनांच्या गाठी नीट बांधणारं एन्झाइम. एक निघालं साखर जाळण्याच्या साखळीतलं. आणि १९९७ मध्ये मेंदूतही आढळणारं एक निघालं म्यू-क्रिस्टॅलिन, जे कांगारूच्या डोळ्याच्या भिंगातलं प्रथिन म्हणून आधी नोंदलेलं होतं! २००३ मध्ये जपानी गटाला बहिरेपणाच्या रुग्णांत याच जनुकातले दोष सापडले. मग म्यू-क्रिस्टॅलिन नसलेला उंदीर तयार केला. टी-३ त्याच्या पेशींत लवकर शिरतो आणि लवकर निघून जातो. पण उंदीर ऐकतो, वाढतो. दुसरा उंदीर, तोच अनुभव.

तिसरा उंदीर सगळ्यात विलक्षण. माद्रिदमध्ये बेर्नाल यांच्या गटाने २००२ मध्ये टी-३ चा एक रिसेप्टर काढून टाकलेल्या पिल्लांत थायरॉइडची कमतरता निर्माण केली. एरवी अशा पिल्लांचा छोटा मेंदू नीट घडत नाही. इथे तो घडला. म्हणजे हार्मोन नसलेला, रिकामा रिसेप्टर स्वतःच नुकसान करतो, जनुकांना दाबून बसतो. रिसेप्टर नसणं हे रिसेप्टर रिकामा राहण्यापेक्षा बरं ठरलं. धरणाऱ्याला धरायला काही मिळालं नाही, तर तो गप्प बसत नाही.

आता दार. दशकानुदशकं मानलं जात होतं की थायरॉक्सिन तेलकट, त्यामुळे पेशीच्या आवरणातून आपोआप जातं. १९७८ मध्येच रॉटरडॅममध्ये क्रेनिंग आणि हेनेमन यांनी यकृताच्या पेशींत दाखवलं होतं की आत जायला ऊर्जा लागते, म्हणजे दाराशी पहारेकरी आहे. पहारेकरी सापडायला २००३ उजाडलं. त्याच शहरात टेओ फिसर यांच्या गटाने एमसीटी-८ नावाचं प्रथिन ओळखलं. बेडकाच्या अंड्यात ते घातलं की अंडं थायरॉइडचं हार्मोन जोरात आत घ्यायला लागतं.

आणि मग साठ वर्षं जुनं कोडं सुटलं. १९४४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात अॅलन, हर्नडन आणि डडली यांनी एका कुटुंबाबद्दल लिहिलं होतं. त्या घराण्यात पिढ्यानपिढ्या फक्त मुलगे आजारी. जन्मतः ठीक दिसायचे, मग मान धरायचेच नाहीत. बसणं नाही, बोलणं नाही. गावातले लोक त्याला लुळ्या मानेचा आजार म्हणायचे. थायरॉइडचा संशय कुणाला आला नाही, आणि येणार तरी कसा? टी-३ हा पदार्थच तेव्हा माणसाला माहीत नव्हता, तो आठ वर्षांनी सापडला. २००४ मध्ये रॉटरडॅम आणि शिकागो इथल्या गटांना अशा लक्षणांच्या मुलग्यांत एमसीटी-८ चे दोष सापडले, आणि २००५ मध्ये अॅलन-हर्नडन-डडली आजार तो हाच हे स्पष्ट झालं. त्यांच्या रक्तात टी-३ भरपूर, उलट जास्तच. मेंदू मात्र उपाशी. माल गावात आहे, दार बंद.

लगेच एमसीटी-८ नसलेला उंदीर बनवला. रक्तातले आकडे मुलांसारखेच बिघडले, पण उंदीर चालतो, फिरतो. चौथा उंदीर! यावेळी मात्र शास्त्रज्ञ शहाणे झालेले होते. उंदराच्या मेंदूच्या दारात थायरॉक्सिनसाठी दुसराही पहारेकरी आहे, ओएटीपी-१-सी-१ नावाचा. माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो फारच कमी असतो. २०१४ मध्ये दोन्ही काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांच्यात मेंदूचा आजार दिसला. म्हणजे उंदीर खोटं बोलत नव्हते. आपण एका दाराबद्दल विचारत होतो, त्यांच्याकडे दोन होती.

याचा आपल्याला काय उपयोग?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं, विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पूर्वी भरपूर वापरलेली, शरीरात गेल्यावर त्यांचं जे रूपांतर होतं, ते ट्रान्सथायरेटिनच्या त्याच बोगद्यात जाऊन बसतं, थायरॉक्सिनपेक्षाही घट्ट. नव्वदच्या दशकात डच संशोधकांनी हे दाखवलं, आणि उंदरांत ती रसायनं गर्भापर्यंत पोचतात हेही दाखवलं. निरुपयोगी ठरवलेल्या प्रथिनाकडे यामुळे पुन्हा लक्ष गेलं. वाहक आपला असला, तरी त्याच्या खांद्यावर कोण बसलंय ते बघावं लागतं.

दुसरी. एमसीटी-८ च्या मुलांसाठी ट्रायॅक नावाचा, टी-३ च्या नात्यातला पदार्थ वापरून पाहिला गेला, कारण तो त्या बंद दाराशिवाय आत जाऊ शकतो. २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत मुलांच्या रक्तातला वाढलेला टी-३ उतरला, वजनात आणि हृदयाच्या ठोक्यांत सुधारणा झाली. मेंदूचं नुकसान मात्र गर्भातच सुरू झालेलं असतं. २०१४ मध्ये तपासलेल्या एका ३० आठवड्यांच्या गर्भात ते आधीच दिसलं होतं. दार कुठलं हे कळलं तरी वेळ गाठणं हा प्रश्न उरतोच.

तिसरी, घरातली. ज्या आजारात दार ठीक आहे, वाहक ठीक आहेत, फक्त ग्रंथी काम करत नाही, तिथे उपाय आज आपल्या हातात आहे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. १९७० च्या दशकात कॅनडाच्या क्विबेक प्रांतात ज्याँ द्युसो यांनी ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखी वाढतात. उशीर झाला तर नाही. त्यामुळे घरात बाळ जन्मलं की डॉक्टरांना एवढं विचारा : थायरॉइडची तपासणी झाली का, आणि रिपोर्ट कुठे आहे? घरात कुणी गरोदर असेल तर मीठ आयोडीनयुक्त आहे ना, आणि थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर ती परस्पर बंद केलेली नाही ना, हे बघा. गरोदरपणात त्या गोळीचा डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पहिले तीन महिने बाळाकडे स्वतःचं काहीच नसतं. जे आहे ते आईचं, आणि ते नेणाऱ्यांचं.

आता प्रश्न असतील तर विचारा.